स्वयंपाकघरातच झिरोचा बल्ब का? कमी खर्चात घर उजळायच्या युक्त्या



दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याजाचं बोलणं संपल्यावर सजावटीचा विषय निघतोच. कुणी सांगतं यंदा दारावर माळ लावायची, कुणी म्हणतं आकाशकंदील विकत आणायचा नाही, घरीच करायचा. मोबाईलवर मोठमोठ्या घरांतल्या दिव्यांचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणी विचारतात, "मॅडम, हे आपल्या पत्र्याच्या घरात जमंल का?" जमतं. सगळं नाही, पण बरंच काही जमतं आणि थोड्या पैशात जमतं. म्हणून या अंकात उजेडाबद्दल सविस्तर लिहिते आहे. यात शोभेच्या गोष्टी आहेत, पण त्याआधी कामाच्या दोन गोष्टी बोलू.

आधी घरातले दिवे मोजा

आज संध्याकाळी एवढंच करा. घरात किती बल्ब आहेत, कोणत्या जागी आहेत आणि कोणता किती वॅटचा आहे, ते एका कागदावर लिहा. गावोगाव बैठकांना जाताना मला एक गोष्ट बऱ्याच घरांत दिसते. सगळ्यात मोठा दिवा असतो बैठकीत, टीव्हीच्या समोर. स्वयंपाकघरात असतो कोपऱ्यातला लहान बल्ब, तोही धुराने काळवंडलेला. मागच्या अंगणात, न्हाणीकडं आणि संडासच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी काहीच नसतं.

आता बघा, अंधार पडल्यावर घरात सगळ्यात जास्त काम कोण करतं? भाकरी थापणं, भाजी निवडणं, डाळीतले खडे काढणं, भांडी घासणं, लेकराचं दप्तर शिवणं. ही सगळी बारीक नजरेची कामं. टीव्ही बघायला मोठा दिवा लागतच नाही. म्हणजे ज्या कामाला उजेड पाहिजे तिथं तो कमी आणि जिथं नसला तरी चालतं तिथं जास्त. हे कुणी ठरवून केलेलं नसतं, पण वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं आहे. घर सजवायला घेतलं तर सुरुवात इथून करायची. सजावट म्हणजे फक्त दारावरची माळ नव्हे. घरात राबणाऱ्या बाईच्या हाताखाली उजेड येणं हीसुद्धा सजावटच.

"झिरोचा बल्ब वीज खात नाही" हा समजही सोडून द्या. जुना तारेचा झिरो बल्ब 12 ते 15 वॅट वीज घ्यायचा. आजचा 9 वॅटचा एलईडी त्याहून कमी वीज घेतो आणि उजेड देतो जुन्या 60 वॅटच्या बल्बएवढा. बचत करायची म्हणून बाईने अंधारात भाकरी थापायची काही गरज नाही.

विजेचा हिशोब

गटाचा हिशोब ठेवणाऱ्या आपण, हा हिशोब आपल्याला अवघड नाही. 1000 वॅटचं काहीही 1 तास चाललं की 1 युनिट पडतं. जुना 60 वॅटचा बल्ब रोज 5 तास लावला तर महिन्याला 9 युनिट होतात. 9 वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर 1.35 युनिट, म्हणजे दीड युनिटसुद्धा नाही. एका बल्बमागे महिन्याला साडेसात युनिट वाचली. घरात असे 4 बल्ब असतील तर 30 युनिट वाचली. आपल्या बिलावर युनिटचा दर छापलेला असतो, त्याने गुणून बघा. 2015 साली केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, तेव्हापासून एलईडी स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यात पोचले. तरी काही घरांत अजून एखादा तारेचा बल्ब गोठ्यात नाहीतर न्हाणीत लटकलेला असतो. आधी तो बदला.

बल्ब घेताना खोक्यावर तीन गोष्टी वाचा. पहिली वॅट, म्हणजे तो किती वीज घेणार. दुसरी ल्युमेन, म्हणजे उजेड किती देणार. 9 वॅटच्या चांगल्या बल्बवर 800 ते 900 ल्युमेन लिहिलेलं असतं. तिसरी उजेडाचा रंग. 6500 लिहिलं असेल तर पांढराशुभ्र, 2700 किंवा 3000 असेल तर दिव्याच्या ज्योतीसारखा पिवळसर. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आहे का तेही बघा. बाजाराच्या दिवशी ढिगात मिळणारा बिनखुणेचा बल्ब दोन महिन्यांत गेला तर स्वस्तातला बल्ब महागात पडला.

रंगाची एक गंमत सांगते. पावसाळ्यात दिव्यावर किडे येतात आणि पिठात, भाजीत पडतात. पांढऱ्या-निळसर उजेडाकडं किडे जास्त येतात, पिवळसर उजेडाकडं कमी. म्हणून दारावरच्या आणि अंगणातल्या दिव्याला पिवळसर बल्ब बरा. शिवणकाम, अभ्यास, धान्य निवडणं यासाठी पांढरा चांगला. बसण्या-उठण्याच्या खोलीत पिवळसर लावला की घर ऊबदार वाटतं.

जुन्या घरांची अक्कल

आपल्या लातूर-नांदेडकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत खिडक्या कमी असायच्या. पण उजेडाची सोय नव्हती असं नाही. छताला मधोमध एक झरोका ठेवलेला असायचा. कुणी त्याला सवणं म्हणतं, कुणी साणं. त्यातून दिवसा उजेड खाली पडायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. भिंतीत दिवळी असायची. तिच्यात ठेवलेला दिवा वाऱ्याने विझायचा नाही, लेकरांच्या हाताला लागायचा नाही आणि दिवळी आतून चुन्याने सारवलेली असली तर उजेड पुढं फेकला जायचा.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार माणसांच्या अंगावर आला. त्यानंतर लोकांनी माळवदाची धास्तीच घेतली. पत्र्याची आणि स्लॅबची घरं आली. ते बरोबरच झालं, जिवापुढं काही नाही. पण माळवदाबरोबर सवणंही गेलं आणि दिवळीही गेली. पत्र्याच्या अनेक घरांत भर दुपारी बल्ब लावावा लागतो. ती जुनी अक्कल नव्या घरात कशी आणायची, ते आता बघू.

युक्ती 1 : चुना आणि दिव्याची जागा

सगळ्यात स्वस्त दिवा म्हणजे पांढरी भिंत. काळी किंवा गडद रंगाची भिंत उजेड खाते, पांढरी भिंत तो परत फेकते. चुलीमागची काजळी खरवडून तिथं चुना मारला तर तोच बल्ब जास्त उजेड देतोय असं वाटतं. बल्ब महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. बटण बंद करून आणि बल्ब गार झाल्यावरच पुसायचा.

दुसरं म्हणजे दिवा पाठीमागं नको. ओट्यापाशी उभं राहिल्यावर दिवा पाठीशी असेल तर आपलीच सावली कढईत पडते. दिवा ओट्याच्या वर, थोडा समोर आणि बाजूला घ्या. लेकरू उजव्या हाताने लिहीत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला दिवा पाहिजे, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

तिसरं, दिवा जवळ आणा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. वहीपासून 4 फुटांवरचा दिवा 2 फुटांवर आणला तर वहीवर चौपट उजेड पडतो. मोठा बल्ब घेण्याआधी आहे तो खाली घेता येतो का, ते बघा.

युक्ती 2 : नवी दिवळी

भिंतीत कोनाडा असेल तर त्याला आतून पांढरा रंग द्या. कडेला गेरूने वेलबुट्टी काढा. आत पणती किंवा छोटा पिवळा एलईडी ठेवा. दिवा थेट डोळ्यावर येत नाही, नुसता उजेड बाहेर येतो. शहरातल्या मोठ्या घरांत भिंतीत दिवे लपवतात, ती युक्ती हीच. पैसे भरून ते जे करून घेतात ते आपल्या आजीच्या घरात होतंच.

पत्र्याच्या घरात कोनाडा नसतो. तिथं तेलाचा जुना चौकोनी डबा एका बाजूने कापून, कडा आत वळवून, आतून घासून चकचकीत करा आणि भिंतीला टांगा. त्याची दिवळी होते. या डब्यात पणतीच ठेवा, विजेचा दिवा नको. डबा लोखंडी आहे, वायरचा टवका उडाला तर सगळ्या डब्यात करंट उतरेल.

युक्ती 3 : टोपलीचा दिवा

बुरडाकडून बांबूची लहान टोपली घ्या. थोडी विरळ विणीची असेल तर उत्तम. ती उलटी टांगून आत एलईडी बल्ब सोडला की भिंतीवर आणि छतावर विणीची जाळीदार सावली पडते. खोली एकदम वेगळी दिसते.

करताना तीन गोष्टी पाळा. टोपलीचं वजन वायरवर टाकू नका. टोपली वेगळ्या दोरीने छताच्या कडीला बांधा आणि वायर सैल ठेवा. बल्ब आणि बांबू यांत चारही बाजूंनी वीतभर अंतर ठेवा. वरून हवा जायला भोक ठेवा, कारण एलईडीसुद्धा बुडाशी गरम होतो. आणि यात फक्त एलईडीच. जुना तारेचा बल्ब एवढा तापतो की बांबू, कागद आणि कापड पेट घेऊ शकतं.

टोपली नसेल तर जुनं सूप आहे. भिंतीला तिरकं टेकवून त्याच्या मागं छोटा दिवा ठेवला तर सुपाच्या कडेने उजेडाची झालर दिसते.

युक्ती 4 : जाळीचं मडकं

उन्हाळ्यात वापरलेला माठ पाझरायचा थांबला की आपण तो फोडून टाकतो किंवा त्यात झाड लावतो. त्याला भोकं पाडली तर सुंदर दिवा होतो. माठ रात्रभर पाण्यात भिजवा. खडूने नक्षीचे ठिपके काढा, संक्रांतीच्या रांगोळीसारखे. ठिपक्यावर चिकटपट्टी लावून मग ड्रिल मशीनने हळूहळू भोक पाडा. हातोडीचा ठोका मारायचा नाही आणि मशीनचा ठोक्याचा खटकाही बंद ठेवायचा. माठ बाहेरून कोरडा वाटला तरी मशीन धरणाऱ्याचे हात आणि पाय कोरडे पाहिजेत, पायात चप्पल पाहिजे आणि डोळ्यावर चष्मा.

याहून सोपा रस्ता आहे. कुंभारदादाला मडकं कच्चं असतानाच भोकं पाडून भाजायला सांगा. ओल्या मातीत काडीनेसुद्धा भोक पडतं. त्यांनाही काम मिळतं आणि आपलं मडकं फुटत नाही. हे मडकं पालथं घालून आत पणती ठेवता येते. खालून हवा जायला कडेला दोन दगडांवर टेकवा, नाहीतर ज्योत गुदमरते.

युक्ती 5 : आरशांचं तोरण

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बंजारा तांडे भरपूर आहेत. दिवाळीच्या अमावस्येला तांड्यावरच्या मुली हातात दिवा घेऊन घरोघरी मेरा मागायला जातात. त्यांच्या पोशाखावरच्या आरशांवर तो उजेड लकाकतो तेव्हा बघत राहावं वाटतं. ही युक्ती घरात आणायची. काच-आरशांचं भरतकाम असलेलं तोरण किंवा पट्टी दिव्याच्या समोरच्या भिंतीवर लावा. दिवा एकच, पण भिंतभर चांदण्या पडतात. वारा आला की चांदण्या हलतात.

फुटलेला आरसा असेल तर त्याचे तुकडे फेकू नका. कडा दगडावर घासून बोथट करा आणि दिवळीच्या मागच्या भिंतीत मातीत किंवा सिमेंटमध्ये बसवा. एका पणतीच्या दहा दिसतात. हे काम लेकरांच्या हातात देऊ नका.

युक्ती 6 : पाण्यावरचा दिवा

काचेच्या पेल्यात तीन भाग पाणी भरा. त्यात झेंडूच्या पाकळ्या सोडा. वरून दोन-तीन चमचे तेल ओता. तेल पाण्यावर तरंगतं. प्लास्टिकच्या पातळ चकतीला मधे भोक पाडून त्यातून वात ओवा आणि ती तेलावर ठेवा. दिवा पेटतो, तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि दिवा आपोआप विझतो. रात्री झोप लागली तरी धोका कमी. काच जाड असू द्या, पातळ काच तडकते.

पितळी घंगाळ किंवा परात असेल तर त्यात पाणी, फुलं आणि तरंगत्या पणत्या सोडून उंबऱ्याजवळ ठेवा. मातीच्या नव्या पणत्या आधी दोन-तीन तास पाण्यात भिजवून वाळवल्या की तेल कमी पितात, हे तुम्हाला माहीतच आहे.

युक्ती 7 : बाटलीतलं ऊन

ही युक्ती दिवसाच्या उजेडाची, पत्र्याच्या घरासाठी. ब्राझील देशात अल्फ्रेडो मोझर नावाचा एक मेकॅनिक होता. 2002 साली त्याच्या गावात वीज सारखी जायची. त्याने 2 लिटरच्या पारदर्शक बाटलीत पाणी भरलं, शेवाळ धरू नये म्हणून दोन बुचं पांढरं ब्लीच घातलं आणि छताला भोक पाडून बाटली अर्धी वर, अर्धी खाली अशी बसवली. वरचं ऊन पाण्यातून वळून खोलीभर पसरलं. भर उन्हात एका बाटलीने 40 ते 60 वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड पडतो. पुढं 2011 पासून फिलिपिन्स देशातल्या गरीब वस्त्यांत हजारो घरांवर अशा बाटल्या लागल्या. नुसतं भोक पाडलं तर उन्हाचा एकच कवडसा एका जागी पडतो. बाटलीतलं पाणी तो कवडसा फोडून चहूकडं पसरवतं. आपलं सवणंच हे, फक्त पाऊस आत न येऊ देणारं.

पण खरं ते सांगते. भोकाभोवती सिलिकॉनचा लेप नीट बसला नाही तर पावसाळ्यात घर गळतं. घर स्वतःचं असेल आणि कारागीर चांगला असेल तरच करा. नाहीतर पत्रे बदलताना एक पत्रा फायबरचा, पारदर्शक घाला, तो जास्त टिकतो. तो स्वयंपाकघरावर घाला, बैठकीवर नको. आणि पत्र्यावर चढणाऱ्याने पाय खालच्या लोखंडी पाईपाच्या ओळीवरच द्यावा, मधल्या पत्र्यावर किंवा फायबरवर नाही.

मागच्या दाराचा दिवा

सजावटीत हा दिवा कुणी धरत नाही, पण मी याला पहिला नंबर देते. रात्री बाहेर जाताना पायाखाली साप, विंचू दिसला पाहिजे. वयात आलेल्या पोरीला आणि म्हाताऱ्या सासूबाईला अंधारात जायची भीती वाटू नये. त्यासाठी संडासच्या वाटेवर सौर दिवा लावा. माणूस जवळ आलं की आपोआप पेटणारे सौर दिवे बाजारात मिळतात. त्याला वायर नाही, बिल नाही. त्याची काळी पाटी दक्षिणेकडं तोंड करून, झाडाच्या सावलीत येणार नाही अशी लावा. आठवड्याला एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसा, धूळ बसली की चार्जिंग कमी होतं. तरीही हातात बॅटरी ठेवायची सवय सोडू नका.

वीज जाण्याचा त्रास जास्त असेल तर स्वयंपाकघरात आतल्या बॅटरीवर चालणारा चार्जिंगचा बल्ब लावा. वीज गेली तरी तो काही तास चालतो. रॉकेलची चिमणी लेकरांच्या अभ्यासाला लावायची वेळ आता येऊ नये. तिचा धूर छातीत जातो आणि ती कलंडली की काय होतं ते आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

हे वाचल्याशिवाय माळ लावू नका

दिवे वाढले की वायरी वाढतात, आणि वायर वाढली की जोखीम वाढते. पत्र्याच्या घरात ही जोखीम दुप्पट असते, कारण वायरचा टवका उडून ती पत्र्याला किंवा लोखंडी खांबाला टेकली तर सगळ्या घरात करंट उतरतो. त्याच खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. पावसाळ्यात ओले कपडे घेऊन तारेला हात कोण लावतं? आपणच. धुणं वाळत घालताना शॉक लागून बायका दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

म्हणून आजच ही कामं करा.

कपडे वाळत घालायची लोखंडी तार काढा, तिथं नायलॉनची दोरी बांधा. एवढ्या एका कामाने जीव वाचतो.

दिव्यांची माळ लोखंडी तारेवर, पत्र्यावर किंवा खिळ्याला गुंडाळू नका. दोरीवर किंवा बांबूवर बांधा. अंगणात पाण्याजवळ माळ नको.

वायर जोडताना नुसती पिळा मारून वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची नाही. वायरमनकडून जोड करून घ्या आणि वर इन्सुलेशन टेप लावा. पिन नसलेल्या वायरीची टोकं सॉकेटात काडीने खुपसणं बंद.

आकडा टाकून माळ लावणं गुन्हा तर आहेच, पण खांबावरच्या तारेशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ.

घराला अर्थिंग आहे का ते वायरमनला तपासायला सांगा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घाला. शक्य असेल तर मीटरनंतर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला की हा स्विच क्षणात वीज तोडतो. साधा एमसीबी जास्त भार आला किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडतो, पण तो शॉकपासून माणसाला वाचवेलच असं नाही. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, नाव विचारून घ्या. यासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं तरी हरकत नाही. आपण लग्नाला, बारशाला कर्ज देतो, मग हे तर जिवाचं काम आहे.

कुणाला शॉक लागलाच तर हात लावून ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीने वायर बाजूला करा. माणूस बरा दिसला तरी दवाखान्यात न्या.

उजेडातून कमाई

टोपलीचा दिवा, जाळीचं मडकं, काच-आरशाचं तोरण, आकाशकंदील ही सगळी विकायचीही वस्तू आहे. बांबू आता आपल्या भागात परका राहिलेला नाही. किनवट-माहूरकडं जंगलातला बांबू आहे. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या लोदग्याला बांबू लागवडीचं आणि बांबूच्या वस्तूंचं काम चालतं. 2017 साली कायद्यात बदल होऊन बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, त्यामुळं शेतात लावलेला बांबू तोडणं आणि नेणं सोपं झालं.

पण दर ठरवताना आपण एक गोष्ट विसरतो, आपली मजुरी. समजावण्यापुरते आकडे घेऊ. एका आकाशकंदिलाला कामट्या 10 रुपये, कापड किंवा कागद 15, दोरा-डिंक 5, म्हणजे सामान झालं 30 रुपयांचं. एक बाई दिवसाला 6 कंदील करते आणि तिची मजुरी 300 रुपये धरली तर एका कंदिलामागे 50. गाडीभाडं आणि मोडतोड 5. कंदील पडला 85 रुपयांना. आता तो 60 ला विकून "30 चं सामान होतं, 30 सुटले" असं म्हटलं तर खरं म्हणजे 25 रुपयांची आपली मजुरी आपण फुकट वाटली. 120 ला विकला तर 35 रुपये नफा, आणि असे 50 विकले तर 1750. तुमच्या बाजारातले आकडे घालून हाच हिशोब गटात मांडा.

काम गणपतीच्या आधीच सुरू करा. वसुबारसेला कंदील करायला बसलं तर विकायचे कधी? पहिले दहा-बारा कंदील ग्रामसंघात दाखवा, कुठं चुकलं ते ऐका, मग पुढचे करा. तालुक्याच्या बाजारात, शाळांमध्ये, नोकरदारांच्या वसाहतीत आधी मागणी घ्या. माल चांगला जमला तर प्रभागसंघामार्फत उमेदच्या प्रदर्शनांत आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये नेता येतो.

विजेचं काम म्हणजे पुरुषांचं काम, असं कुणी म्हटलं तर राजस्थानातल्या डुंगरपूर जिल्ह्याचं नाव सांगा. तिथल्या बचत गटांतल्या आदिवासी बायांनी आयआयटी मुंबईच्या मदतीने सौर दिवे जोडायचं शिकून घेतलं आणि पुढं सोलर पाट्या बनवणारी दुर्गा एनर्जी नावाची कंपनी उभी केली. आपल्यातल्याही एखाद-दोघींनी वायरमनचं प्रशिक्षण घेतलं तर गावातले जोड तपासायला दुसऱ्या गावातून माणूस बोलवावा लागणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना

पुढच्या बैठकीला येताना दिव्यांच्या मोजणीचा कागद सोबत आणा. कोणत्या खोलीत किती वॅट, मागच्या दाराला दिवा आहे की नाही, कपड्याची तार लोखंडी आहे की दोरीची, एवढ्या तीन गोष्टी त्यावर असू द्या. सचिव ताईंनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात. ज्यांच्या घरी तार लोखंडी आहे, त्यांना आठ दिवसांत दोरी बांधायची आठवण गटाने करायची. ज्यांनी टोपलीचा किंवा मडक्याचा दिवा केला असेल त्यांनी तो घेऊन या, सगळ्या मिळून बघू.

आणि घरी जाऊन बैठकीतला तो मोठा दिवा आणि स्वयंपाकघरातला लहान दिवा यांची अदलाबदल करून बघा. बल्ब काढून बल्ब लावायचा, यात खर्च शून्य. मेन स्विच मात्र आधी बंद करा. घरात कुणी विचारलंच तर सांगा, भाकरी नीट दिसली तर नीट भाजली जाईल.

— आपली प्रभाग समन्वयक